उष्टी पुस्तकं

वाचनालयात तिला सगळे ट्रॉलीताई म्हणत. ती कादंबऱ्या वाचत नाही हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी वहिनीला ठाऊक होतं. वहिनी दुपारभर कादंबरीत डोकं घालून बसे आणि वर टोमणा मारी, "वन्सं, विहिरीच्या काठावर बसून तुम्ही कोरड्या त्या कोरड्याच."

तिला त्याचं काही वाटत नसे. ती वाचनालयात बाइंडिंगच्या खोलीत नोकरीला लागली होती. पुस्तक म्हणजे तिच्या लेखी शिलाई, खळ आणि पुठ्ठा. ते घट्ट बसलं की तिचं काम संपलं. आत काय आहे, हे ज्याचं त्यानं बघावं. पुढे बाइंडिंगचं काम बाहेर जाऊ लागलं आणि तिला काउंटरवर आणून बसवलं.

कादंबऱ्या वरच्या मजल्यावर होत्या. खाली वर्तमानपत्रांचं टेबल आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. जिना चढायच्या भानगडीत कुणी पडत नसे. एक दिवस ग्रंथपाल साहेबांनी सांगितलं की वरच्या खोलीत कॉम्प्युटर बसवायचे आहेत, कादंबऱ्या तळघरात जातील. वाचक वाढले तर बघू, असंही म्हणाले. पण ते आपलं म्हणण्यापुरतं.

तळघरात ओल होती. खळीला ओल लागली की काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. वरच्या निम्म्या कपाटांतली बांधणी तिच्या हातची होती. ती हातपाय हलवू लागली.

आधी तिनं सगळे करतात तेच केलं. दारात फळा लावला आणि त्यावर महिन्याची कादंबरी लिहिली. जिन्यापाशी टेबल मांडून पुस्तकं तोंड दाखवून उभी केली. त्या टेबलावर कुणीतरी ओली छत्री वाळत घातली. फळ्यावर एका पोरानं गणित सोडवलं.

मग तिच्या लक्षात ट्रॉली आली. परत आलेली पुस्तकं कपाटात जाण्याआधी ट्रॉलीवर पडून असत. जिना न चढणारी माणसंसुद्धा तिथे उभ्या उभ्या उचकापाचक करत. कुणीतरी वाचून आणलंय म्हणजे बरं असणार, असा हिशेब. घरी ती वहिनीला म्हणाली, ताटातलं उष्टं चालत नाही माणसांना, पण पुस्तक उष्टंच लागतं.

रोज सकाळी ती वरून चार कादंबऱ्या आणून ट्रॉलीवर ठेवू लागली. त्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. कोऱ्या करकरीत असल्यामुळे माणसं त्या उचलून परत ठेवत. मग ती कणा वाकवू लागली. कोपरे दुमडले. मध्येच कुठेतरी आपलं बसचं तिकीट खोचून दिलं, कुणी वाचत असल्यासारखं. कुठल्या पानात, हे तिनं पाहिलंही नाही.

पुस्तकं जाऊ लागली. साहेब एकदा जाता जाता "बरं चाललंय" म्हणाले.

वर्तमानपत्रांच्या टेबलावर एक टेलरकाका येत. दुकान मुलाच्या हाती दिलेलं, बायको गेलेली. एकदा त्यांनी ट्रॉलीवरची कादंबरी नेली. मग दुसरी. पुढे पुढे ते तिकीट असलेलीच पुस्तकं शोधू लागले. तिला बरं वाटलं. गळाला मासा लागला होता.

एका सकाळी ते काउंटरपाशी येऊन उभे राहिले. पुस्तक परत केलं, पण हातातून सोडलं नाही.

"ताई, हा तिकीटवाला कोण आहे?"

तिनं विचारलं, कशाला?

"एकही पुस्तक पुरं करत नाही तो. तिकीट कायम मध्येच. आजारी आहे का? डोळे गेलेत का? आमची ही शेवटी शेवटी असंच सगळं अर्धं टाकून झोपायची." त्यांनी पुस्तकातलं तिकीट बाहेर काढलं. "मला त्याला शेवट सांगायचेत."

पुस्तकात राहिलेली खूण म्हणजे सोडून दिलेलं पुस्तक. वाचणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तिला कधी सुचलंच नव्हतं.

काका म्हणाले, साहेबांच्या कॉम्प्युटरात नाव सापडेल. ते केबिनकडे वळलेही. कॉम्प्युटरात काकांच्या आधी कुणाचंच नाव नव्हतं. साहेबांना ट्रॉलीचं कळलं की तळघर ठरलेलं.

"काका, ती मीच," ती म्हणाली.

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी स्टूल ओढलं. म्हणाले, शेवटी थोरला परत येतो, आणि दार म्हातारी नाही उघडत, धाकटी उघडते. ती मान हलवत राहिली. काका बोलता बोलता थांबले.

"कोणती धाकटी, ते तरी विचारा."

तिनं विचारलं नाही. काउंटरच्या कडेचा सुटलेला पत्रा ती नखानं दाबत बसली. मग सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे कुणीच अडकलं नव्हतं," काका म्हणाले. "मी उगीच झोप घालवली." नवीन पुस्तक न घेता ते गेले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या टेबलाला सगळं कळलेलं होतं. माणसं ट्रॉलीपाशी येऊन हसत. "ताई, यातलं खरं परत आलेलं कोणतं, आणि तुमच्या घरचं कोणतं?" एकानं तर तिकीट दाखवून पुढच्या थांब्यावर उतरतो म्हणून सांगितलं. हसून झालं की पुस्तक ठेवून देत. थोड्याच दिवसांत ट्रॉलीवरच्या कादंबऱ्या जशाच्या तशा संध्याकाळी वर जाऊ लागल्या. साहेबांनी वरची खोली मोजायला मोजमापवाल्याला फोन केला.

काही दिवसांनी काका आले तेव्हा तिला वाटलं, वर्तमानपत्रासाठी आले. ते ट्रॉली ओलांडून सरळ जिन्यापाशी गेले.

"वर आहेत ना ती पुस्तकं? चला, दाखवा."

वर काकांनी तिच्या हातचं एक पुस्तक उघडलं, मधली शिलाई अंगठ्यानं ताणून पाहिली. टाका बरा आहे म्हणाले. मग विचारलं, "आतून कसंय?"

"माहीत नाही."

"मग कळणार कसं, ताई? बसा."

तिनं शेजारचं काढलं. दोघं खिडकीपाशी बसली. पहिलं पान तिला दोनदा वाचावं लागलं. नावं लक्षात राहीनात. तिसऱ्या पानावर एक बाई चुलीवर दूध ठेवून घराबाहेर पडली, आणि ते दूध तिच्या डोक्यातून जाईना. ती पुढे वाचत गेली.

साहेब मोजमापवाल्याला घेऊन वर आले तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. टेप जमिनीवरून सरकत आली आणि काकांच्या खुर्चीला अडली. मोजमापवाला म्हणाला, जरा उठता का.

काकांनी बोट वर केलं. नजर पानावरच होती. "एवढं प्रकरण होऊ द्या."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. काउंटर सोडून ही वर काय करते, हे त्यांना विचारायचं असावं. त्यांनी तिला हाकही मारली. तिनं पान उलटलं. साहेब थोडा वेळ उभे राहिले, मग खोलीभर नजर फिरवून मोजमापवाल्याला म्हणाले, "आधी खालचा व्हरांडा बघू या. तिथेही बसतील कॉम्प्युटर."

जिन्यावरचे पाय खाली गेले.

बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली. "काका, कुणी आलं होतं का?"

"नाही," काका म्हणाले. "वाचा तुम्ही."