विलायतेतल्या वकीलबाईंचा भाऊ

नवी पेठेतल्या एका अरुंद बोळात, दोन सोनारांच्या मध्ये दाबून बसवल्यासारखं गोपाळ मेटकरींचं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, ब्लाउजपीस, एवढाच माल. पण मधली काही वर्षं बायकांपेक्षा पुरुषच त्या दुकानाची पायरी जास्त चढायचे. कुणाच्या मुलाचा व्हिसा अडकलेला, कुणाच्या जावयाला लंडनमध्ये नोकरी हवी असलेली.

“अण्णा, बहीण विलायतेच्या पार्लमेंटात हाय तुमची. एक फोन लावा की!”

“अहो, ती तिथल्या लोकांची खासदार आहे. माझी नाही,” गोपाळराव सांगून सांगून थकले. ऐकणारा तोंड वाकडं करून जायचा आणि बोळाच्या तोंडाशी कुणाला तरी सांगायचा, मेटकरी लई माजला.

माजायला काय झालं होतं? त्या बहिणीपायी आयुष्यभर नाकीनऊ आलेला माणूस तो.

प्रेमला त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. वडील मंगळवेढ्याला शाळामास्तर. एकदा वर्गात कुणीतरी नकाशा फाडला आणि मास्तरांनी सगळ्या वर्गाला अंगठे धरायला लावले. सगळी पोरं वाकली, मास्तरांची स्वतःची मुलगी तेवढी ताठ उभी. “मी फाडला नाही. मग मी का वाकू?”  मास्तरांनी घरी येऊन गोपाळला झापलं. धाकट्या बहिणीला वळण लावता येत नाही म्हणून.

पुढं वडील गेले. गोपाळनं कॉलेज सोडलं आणि सोलापुरात शिवानंद शेठच्या कापडाच्या पेढीवर नोकरी धरली. आई आणि प्रेमला त्याच्याकडं राहायला आल्या. प्रेमलानं वकिलीला जायचं म्हटलं. भाऊ हो म्हणाला, आणि तिनं काळा कोट अंगात घातला त्या दिवशी पेढीवर सगळ्यांना पेढे वाटले. शेठनं स्वतः दोन खाल्ले.

वर्षभरात अक्कम्मा आली. विडी वळून पोट भरणारी विधवा, दोन पोरं, तेलुगू जास्त आणि मराठी तोडकंमोडकं. ती ज्या चाळीत राहायची ती चाळ मालकाला पाडायची होती. मालकानं नळ तोडला, जिन्याची दोन फळकुटं काढून नेली. तरी अक्कम्मा हलेना. तेव्हा त्यानं सामान बाहेर टाकायची धमकी दिली. प्रेमलानं तिचं वकीलपत्र घेतलं. मालक कोण, तर शिवानंद शेठ.

“प्रेमा, मी त्या माणसाच्या पेढीवर गाद्या झटकतो. तुला अख्ख्या सोलापुरात दुसरं कुणी सापडलं नाही का?”

“अण्णा, तिला दुसरा वकील सापडला नाही. सगळ्यांनी नाही म्हटलं.”

“मग तूही म्हण की!”

“का?”

हा ‘का’ गोपाळराव लहानपणापासून ऐकत आले होते. 

कोर्टानं मनाई हुकूम दिला, पुढं निकालही अक्कम्माच्या बाजूनं लागला. शेठनं आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळला गादीवर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, “गोपाळ, तुझ्या घरात वकील हाय. आमच्यासारख्या अडाण्याकडं नोकरी करणं तुला शोभत न्हाय.” चहा संपला, नोकरी संपली. नवी पेठेत शेठच्या शब्दाबाहेर जाऊन कामावर घेणारं कुणी नव्हतं. सासऱ्यांनी हात दिला म्हणून बोळातलं हे दुकान उभं राहिलं.

प्रेमलाचं लग्न अकलूजकडच्या डॉक्टर अभिमन्यूशी झालं आणि ती त्याच्याबरोबर इंग्लंडला गेली. गोपाळरावांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. तिथं तिची पदवी कुणी विचारेना. कडेवर पोर घेऊन ती एका सल्ला केंद्रात जाऊन बसायची, लोकांना सरकारी कागद समजावून सांगायची. मग पुन्हा अभ्यास, पुन्हा परीक्षा, आणि पुन्हा एकदा वकील. फोनवर तिच्या त्याच गोष्टी. कुणाला घरातून काढलं, कुणाचा पगार अडवला. गाव म्हणे जुन्या गिरण्यांचं, आता गिरण्यांची गोदामं झालेली. “अगदी आपल्या सोलापूरसारखं, अण्णा.” त्या गावाचं नाव गोपाळरावांच्या जिभेवर कधी बसलं नाही. कुणी विचारलं तर ते सरळ ‘लंडनच्या वर’ म्हणून मोकळे होत.

ती तिथल्या नगरपालिकेत निवडून आली. पार्लमेंटला उभी राहिली ती पडली. पुढच्या खेपेला पुन्हा उभी राहिली आणि आली! वर्तमानपत्रात फोटो छापून आला आणि बोळातल्या दोन्ही सोनारांनी गोपाळरावांना हार घातले. तिथून त्यांच्या डोक्याला खरा ताप सुरू झाला.

व्हिसावाले होतेच, त्यात उदयसिंह आले. हे पेठेतले पुढारी, येत्या निवडणुकीची तयारी करत होते. त्यांना प्रेमलाचा जाहीर सत्कार करायचा होता. गोपाळरावांनी महिनाभर फोन करून करून तिला राजी केलं. हॉल ठरला, चौकात फ्लेक्स लागला. त्यावर प्रेमला, उदयसिंह आणि खाली कोपऱ्यात, ‘बंधू’ म्हणून, गोपाळराव. आयुष्यात त्यांचा फोटो चौकात कधी लागला नव्हता. ते त्या दिवसांत मुद्दाम चौकावरून, लांबच्या रस्त्यानं दुकानात येत.

आणि नेमकं तेव्हाच तिच्याच पक्षाच्या सरकारनं भाडेकरूंना झटपट घराबाहेर काढता येईल असा कायदा आणला. पक्षानं व्हिप काढला, सगळ्यांनी बाजूनंच मत द्यायचं. प्रेमलानं विरोधात मत दिलं. पक्षानं तिला बाहेर काढलं.

“सगळ्यांनी हात वर केला, तर तूही करायचास!” गोपाळराव फोनवर ओरडले.

“इथं हात वर करत नाहीत, अण्णा. दोन दालनं असतात. ज्याचं मत जिकडं, त्यानं त्या दालनातून चालत जायचं.”

“मग सगळ्यांबरोबर चालत जायला काय झालं होतं? पाय दुखत होते?”

ती हसली. तिचं ते हसणं त्यांना अजिबात सहन झालं नाही.

थोड्याच दिवसांत तिथं निवडणूक लागली. तिला तिकीट मिळालं नाही. अपक्ष उभी राहिली आणि सपाटून पडली. उदयसिंहांनी निरोप पाठवला की माजी खासदाराचा सत्कार आता बरा दिसत नाही. संध्याकाळपर्यंत फ्लेक्स उतरला. गोपाळराव दुकानातून तसेच उठले, घरी आले आणि बायकोशी काही कारण नसताना भांडले.

सत्कार नसला तरी प्रेमला आली. विमानाचं तिकीट काढलंच होतं म्हणे. आठ दिवस राहिली आणि रोज दुकानात येऊन बसू लागली. तिसऱ्या दिवशी अस्तर घ्यायला आलेल्या एका बाईनं सहज घरमालकाचं गाऱ्हाणं काढलं. प्रेमलानं तिला स्टुलावर बसवलं आणि खोदून खोदून विचारायला लागली. पावती देतो का, मीटर कुणाच्या नावावर. पायरीवर गिऱ्हाइकं ताटकळली, त्यातल्या दोघी निघून गेल्या. ती बाईसुद्धा अस्तर न घेताच गेली.

गोपाळरावांचं डोकं सणकलं. त्यांनी हातातला तागा फळीवर आपटला.

“तुला अक्कम्मा आठवते? जिच्यापायी माझी नोकरी गेली? तू विमानात बसलीस आणि दोन वर्षांत तिनं पोरांचं ऐकून ती खोली शिवानंद शेठलाच सोडून दिली. पैसे घेतले आणि सगळी भिवंडीला गेली. आज तिथं कॉम्प्लेक्स उभं आहे, जाऊन बघून ये! कुणासाठी केलंस सगळं? तिथंही तेच. खासदारकी घालवलीस आणि तो कायदा झालाच ना?”

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं होतं. आता ही रडेल, असं त्यांना वाटलं.

 प्रेमलानं विचारलं, “बरे पैसे मिळाले का तिला?”

“मला काय ठाऊक! मिळाले असतील. पोरांनी तिकडं दोन यंत्रमाग घेतले म्हणे.”

“मग झालं की, अण्णा. तेव्हा तिला मारून हाकलणार होते. नंतर तिनं भाव करून सोडली. खोलीचा ताबा तिचा होता, ठेवायची का सोडायची हे तिनं ठरवलं.” मग ती म्हणाली, “तुझी नोकरी गेली ते मात्र वाईट झालं. तेव्हाही मला वाटलं होतं. बोलले नाही कधी.”

“आता बोलून काय उपयोग?” गोपाळराव गुरगुरले. पण आवाजातला जोर उतरला होता. त्यांनी तागा पुन्हा गुंडाळायला घेतला आणि तो वेडावाकडा गुंडाळला. प्रेमलानं त्यांच्या हातातून घेतला, तर तिला त्याहून वाकडा जमला.

जायच्या दिवशी सकाळच्या मुंबईच्या गाडीला ते तिला सोडायला गेले. पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरीची चवड होती.

“आता तरी स्वस्थ बसशील?”

“ऑफिस पुन्हा उघडलंय. आणि नगरपालिकेला उभी राहणार आहे. जिथून सुरुवात केली त्याच वॉर्डातून.”

“अगं, पक्षानं हाकललंय तुला! पार्लमेंटात बसलेल्या बाईनं गटारीच्या तक्रारी ऐकायच्या?”

“का?” असं म्हणून ती डब्यात चढली.

गोपाळराव घरी आले ते धुसफुसतच. चप्पल एक इकडं, एक तिकडं. बायकोनं विचारलं, काय म्हणाली? “काय म्हणणार! वेड लागलंय तिला. पुन्हा उभी राहतीय. पडणार बघ, पुन्हा पडणार!” चहा आला, तो त्यांनी बशीत ओतला आणि न पिता तसाच ठेवला.

मग त्यांनी सुनेला हाक मारली. “अंकिता, तो मोबाइल घे जरा. त्या लंडनच्या वरच्या गावातली नगरपालिकेची निवडणूक कधी असते बघ. आणि तिच्या विरोधात कोण मेलं उभं राहतंय, तेही बघ.”