शारजातली फायनल आणि दिगूचा गॉगल

निवृत्तीनंतर पहिला मोठा प्रवास कुठे करायचा यावर आमच्या घरी आठवडाभर खल चालला होता. बायकोचं म्हणणं काशी. तेवढ्यात धाकट्या भावाचा, दिगूचा फोन आला. "दादा, जानेवारीत इकडे ये. यंदा आपला गाव फायनलला जाणार." काशी कुठे पळून जात नाही असं म्हणून मी पासपोर्ट काढला. एकतीस वर्षं एसटीत वाहकी केली, हजारो लोकांना मुक्कामी पोचवलं, स्वतः मात्र कधी समुद्र ओलांडला नव्हता.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमचं सोनखाडी राजापूरच्या खाली, खाडीलगत. गावातली निम्मी तरणी माणसं आखातात. तिथे कोकणातली गावं आपापल्या गावाच्या नावाने टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा खेळतात. सामना मोबाइलवर थेट दिसतो आणि इकडे देवळाच्या सभामंडपात पडदा लावून अख्खा गाव तो बघतो. सोनखाडी आधी दोनदा फायनलला जाऊन हरली होती. दिगू अबुधाबीजवळच्या मुसफ्फात बारा वर्षं लोखंडाच्या वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेटर आहे आणि संघात त्याची ओळख एकच, त्याच्या हातातून कॅच सुटत नाही. बाबा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला मीच वाढवला, त्यामुळे त्याच्यावर ओरडायचा हक्क मी कायम बजावत आलो.

जाणाऱ्यांसाठी सूचना: सामानात खसखस नेऊ नका. तिथे तिच्यावर बंदी आहे. अनारसे खसखशीवर थापतात, म्हणून बायकोने डबा भरूनही घरीच ठेवला आणि रुसून बसली. कुळथाचं पीठ, कोकमं, सोडे नीट पॅक केले तर चालतात. दिगूला कुळथाची पिठी म्हणजे जीव की प्राण, म्हणून पीठ दोन किलो घेतलं.

शनिवारी दुपारी मुंबईहून निघालो, तीन तासांत शारजा. विमानतळावर लतीफ आला होता. लतीफ माझ्या वर्गातला, हमरिया फ्री झोनमध्ये त्याचा यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा आहे. पंचवीस वर्षं तिथे राहूनही बोलण्यातली सोनखाडी गेलेली नाही. "यल्ला, चल, बस गाडीत. तुझ्या वहिनीने सांदणं केलीत," म्हणाला. त्याची मुलगी मागच्या सीटवर होती. तिला मी चार प्रश्न विचारले, तिने चारही उत्तरं इंग्रजीत दिली. मग मी खिडकीबाहेर बघितलं. रस्ते असे की आमचे ड्रायव्हर बघून रडतील.

संध्याकाळी दिगूला फोन केला. म्हणाला, "ड्यूटीवर आहे रे. उद्याची सुट्टी हवी तर आजचं काम आज संपवा, म्हणाला फोरमन. सकाळी डायरेक्ट ग्राउंडवर भेटू."

रविवारी सकाळी सातला हमरियाच्या रस्त्यावरच्या मैदानावर पोचलो. मैदान म्हणजे दाबलेली वाळू, मधे मॅट, कडेला चुन्याची रेघ. कडक थंडी नव्हती पण वारा झोंबत होता. मुसफ्फाहून व्हॅन आली, दिगू उतरला. मागच्या शिमग्यानंतर पहिल्यांदाच बघत होतो. पाया पडला, आणि मला पहिली गोष्ट दिसली ती त्याचा काळा गॉगल.

"काय रे हिरो," मी म्हटलं, "भावाला बघायलासुद्धा गॉगल काढवत नाही?"

तो हसला. मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, आज मी बाहेर बसू काय? बदली प्लेअर आहे आपल्याकडे."

"का?"

"झोप नाही झाली. अंग मोडून आलंय."

आता माझा स्वभाव. समोरचा का म्हणतोय हे विचारण्याआधी माझं तोंड सुटतं. मी म्हटलं, "समुद्र ओलांडून आलो मी, तो तुला खुर्चीत बसलेला बघायला? तिकडे वहिनी सकाळपासून देवळात पडद्यासमोर बसली आहे. गपचूप खेळ." त्याने मान खाली घातली. लहानपणी शाळेत जायचं नसलं की तो अशीच मान घालायचा आणि मी त्याला हाताला धरून नेऊन सोडायचो.

सामन्याआधी गाऱ्हाणं घालायची आपल्याकडची पद्धत तिथेही पाळतात. गावाहून आलेला वडीलधारा माणूस मी, म्हणून नारळ माझ्या हातात आला. लतीफसकट सगळे गोल उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," मी सुरुवात केली, "आज ही तुझी लेकरां परमुलखात गावाचा नाव घेऊन उभी आसत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"जो बॉल माझ्या दिगूच्या हातात येयत, तो सुटाक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." लतीफने शेवटी हळूच आमीनही म्हटलं. दिगूचं नाव घालायची काही गरज नव्हती. मला वाटलं, आता पठ्ठ्याला बाहेर बसता येणार नाही. नारळ मात्र तिसऱ्या फटक्याला फुटला.

आठ-आठ षटकांचा सामना. आम्ही एकसष्ट केल्या. समोरच्या वेळशेत गावाला शेवटच्या दोन चेंडूंत पाच हव्या होत्या. त्यांच्या फलंदाजाने उंच फटका मारला आणि चेंडू सरळ सीमारेषेवरच्या दिगूकडे निघाला. आमची माणसं आधीच उड्या मारायला लागली होती. दिगू दोन पावलं पुढे आला, हात वर केले, आणि चेंडू त्याच्या मागे चार हातांवर पडून रेषेबाहेर गेला. तो तसाच हात वर करून उभा होता. पुढच्या चेंडूवर एक धाव निघाली आणि सोनखाडी तिसऱ्यांदा हरली.

मला राग आला होता. लाज वाटली होती. खोटं कशाला लिहू?

नंतर सगळे शारजातल्या एका केरळी हॉटेलात गेलो. परोटा, अंड्याची करी आणि चहा, माणशी चौदा दिरहॅम, म्हणजे तीनशे छत्तीस रुपये. खाणं उत्तम होतं. पण खाता खाताच न्यायनिवाडा सुरू झाला.

कप्तान प्रकाश, अजमानमध्ये पाण्याचा टँकर चालवतो, तो म्हणाला, "लास्ट ओव्हर कुणाला दिली ते सोडा. बॉलरने काम केलं होतं. कॅच मिळवून दिला होता ना त्याने?"

"आपण दहा रन कमी केले, ते बोला," स्कोअर लिहिणारा बंड्या म्हणाला. "आणि ऊन समोरून होतं."

"ऊन होतं तर गॉगल कशाला होता मग?" प्रकाश म्हणाला. " गॉगल लावून कोण फील्डिंग करतं, भावा? मोबाइलवर लाइव्ह जातंय म्हणून स्टाइल."

"नारळच तीनदा आपटावा लागला," कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं.

सगळे हसले. बोट माझ्याकडे वळलंय हे बघून मी पटकन बोललो, "नारळाचं काय घेऊन बसलात? हा लहानपणापासून नखरेल. लक्ष कधी जागेवर नसतं."

दिगू कोपऱ्यात बसला होता. हॉटेलातही गॉगल डोळ्यांवर होता. "माझीच चूक," एवढंच म्हणाला आणि चहा संपवला. प्रकाशने बशी बाजूला सारली. "खलास. मोठ्या भावानेच सांगितलं." कामगारांच्या कॅम्पच्या वेळा पाळायच्या म्हणून मुसफ्फाची व्हॅन लगेच निघाली. कुळथाचं पीठ लतीफच्या घरीच राहिलं.

सोमवार-मंगळवार दुबई बघितली. मेट्रोला कार्ड घ्या, सुट्टं तिकीट महाग पडतं. खाडी ओलांडायला लाकडी होडी आहे, अब्रा म्हणतात, फक्त एक दिरहॅम. चोवीस रुपयांत एवढं सुख मला बाकीच्या शहरात मिळालं नाही. उंच इमारती खालून बघा, वर जायचे पैसे वाचवा.

पण सामना पाठ सोडत नव्हता. लतीफच्या मुलीच्या शाळेचा कार्यक्रम होता म्हणून दुबईतल्या ऊद मेथा भागात गेलो, तर तिथे चिपळूणच्या एका गृहस्थाने मोबाइल पुढे केला. दिगू हात वर करून उभा, चेंडू मागे, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'गॉगलवाला, विमान बघतोय'. मागे हसण्याचा आवाज टाकला होता. "हा तुमच्याच गावचा ना?" मी हो म्हटलं. माझा भाऊ आहे असं नाही म्हटलं. लतीफची मुलगी शेजारून म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट अ गेम."

बुधवारी पीठ पोचवायचं म्हणून मुसफ्फाला गेलो. शारजाहून अबुधाबीला थेट बस आहे, तीस दिरहॅम, म्हणजे सातशे वीस रुपये. पुढे शहर बस. दुबईचं कार्ड अबुधाबीत चालत नाही, नवं घ्यावं लागतं. बसमध्ये वाहक नसतो, लोक आपणहून कार्ड टेकवतात. एकतीस वर्षं मी काय करत होतो असं वाटून गेलं. मुसफ्फात बघण्यासारखं काही नाही. गॅरेजं, पत्र्याच्या शेड, जळक्या लोखंडाचा वास, आणि कामगारांना आणणाऱ्या-नेणाऱ्या पांढऱ्या बसेस.

कॅम्पात पाहुण्यांना आत सोडत नाहीत. गेटबाहेर थांबलो. साडेपाचला पहिली बस आली, तिच्यातून दिगूचा खोलीतला सोबती रामाशीष उतरला. बिहारचा आहे, व्हिडिओ कॉलवर मला ओळखतो. दिगू पुढच्या बसने येतोय म्हणाला. मग सहज विचारलं, "अब आँख ठीक है न उसका? उस रात तो बहुत तकलीफ में था भैया. हम आलू काट काट के रखते रहे आँख पर. सुबह तक रोया है."

मला समजेना. त्यानेच समजावलं. दोन लोखंडी तुकडे जागेवर धरून ठेवायला वेल्डिंगचे छोटे ठिपके मारतात, त्याला टॅक म्हणतात. दर ठिपक्याला तोंडावर काच धरली की वेळ जातो, म्हणून घाईत असली की ही माणसं नुसते डोळे मिटून ठिपका मारतात. सगळेच करतात. शनिवारी दिगूने दिवसभर तसंच केलं, कारण काम संपल्याशिवाय रविवारची सुट्टी नव्हती. अशाने डोळे लगेच दुखत नाहीत. सात-आठ तासांनी आत वाळू भरल्यासारखे होतात आणि उजेड सहन होत नाही. "बोला था हम, मत जा खेलने. बोला, भैया आए हैं," रामाशीष म्हणाला आणि आत गेला.

दिगू आला. गॉगल नव्हता. डोळे अजून कडेने लाल होते. मी पिशवी खाली ठेवली.

"सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं ना, बाहेर बसू काय म्हणून."

"डोळ्यांचं नाही सांगितलंस."

"तू आलेलास, दादा. आणि मग तू गाऱ्हाण्यात नाव घातलंस. म्हटलं, एक तास तर आहे. आकृती दिसत होत्या मला. बॉल तेवढा दिसला नाही."

"मी सांगतो प्रकाशला. आत्ता फोन लावतो."

त्याने माझा हात धरला. "नको. ते विचारणार, मग खेळलास कशाला? मग मी काय सांगू, दादाने खेळायला लावलं? मला बोलले तर मी इकडे लांब आहे. तुला गावात राहायचंय. सोड ना, खलास झालं ते."

मी फोन खिशात ठेवला. त्याच्यासाठी ठेवला असं तेव्हा स्वतःला सांगितलं. त्याने पीठ घेतलं, वासासाठी पिशवीचं तोंड उघडून नाक आत घातलं, आणि जेवणाची रांग लागते म्हणून आत गेला.

शुक्रवारी परतलो. विमान वेळेवर, सामान वेळेवर. एकूण खर्च तिकिटासकट पंचेचाळीस हजारांच्या आत बसला. राहायला लतीफ होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या चहाच्या टपरीत गेलो. गाव वाटच बघत होता. दुबई कशी, हे कुणी विचारलं नाही. दोष कुणाचा, हा खटला इकडे अजून चालूच होता. कप्तानाचा एक गट, नारळाचा एक गट, पण सगळे शेवटी गॉगलवर येऊन थांबत. एकाने तो व्हिडिओ लावला. हसण्याचा आवाज आला की टपरी हसायची. मी चहाचा पेला हातात धरून बसलो होतो. आणि मीही हसलो.

दिगू शिमग्याला येतो दर वर्षी, पालखीला खांदा देतो. यंदा रजा मिळाली नाही म्हणाला. लतीफने नंतर सांगितलं, रजा मिळाली होती. काल पुढच्या स्पर्धेचा संघ ग्रुपवर आला. चौदा नावं आहेत, दिगूचं नाही. त्याखाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली आहे.

एसटीत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की डबल बेल देण्याआधी दाराकडे बघायचं, कुणाचा पाय अजून बाहेर आहे काय. एकतीस वर्षांत मी ते एकदाही चुकलो नाही. त्या सकाळी माझा भाऊ एक पाय बाहेर ठेवून मला काहीतरी सांगत होता आणि मी न बघताच बेल दिली. त्यानंतर चार महिने मी गप्प राहिलो, कारण गप्प राहणं मला सोयीचं होतं.

हे लिहायच्या आधी दिगूला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. माझा ब्लॉग सोनखाडीत वाचतात, प्रकाश वाचतो, टपरीतही वाचून दाखवतात, म्हणून तुम्हालाच सांगतो. त्या दिवशी दिगूला चेंडू दिसत नव्हता. तो बाहेर बसायला तयार होता. त्याला मैदानात मी ढकलला. आता माझ्यावर हसा, मी रोज पाचला टपरीत असतो.