सासूबाईंच्या चक्कीची पक्की चावी

मशीन डिझाइनचं पुस्तक माणसाला जन्मभर उपयोगी पडतं, असं मी लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दरवर्षी पहिल्याच तासाला सांगतो. खोटं नाही सांगत. आमच्या घरी त्या पुस्तकानं कूलरचा पाय उचलून धरलाय, पापड दाबलेत आणि एकदा पालही मारलीय. (पाल अजून जिवंत आहे. पुस्तकावरचा डाग चहाचा आहे.)

पण पुस्तक उघडून वापरायची संधी मला दिली सासूबाईंनी.

धर्माबादला त्यांची मिरची दळायची चक्की आहे. सासरे गेल्यापासून घर त्या चक्कीवरच चालतं. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत सगळी गल्ली वर्षाचं तिखट तिथं दळून नेते. त्या दिवसांत चक्की बंद पडली की बायका डबे उचलून पलीकडच्या गल्लीतल्या चक्कीवर जातात, आणि एकदा गेलेली बाई परत येत नाही! आणि सासूबाईंची चक्की हमखास बंद पडायची. कारण एकच. चावी.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. चक्कीचा दांडा आणि त्याच्यावरची पुली एकत्र फिरावी म्हणून दोघांच्या खाचेत ठोकलेला, बोटाएवढा लोखंडाचा चौकोनी तुकडा. तो तुटला की पुली नुसतीच गरगरते आणि चक्की जागच्या जागी शांत.

“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “ही मेली चावी महिन्यातून दोनदा तुटून राहिली. तुमी एवढे इंजिनिअर. कायतरी करा की!”

मला भलतंच कुतूहल वाटलं. एवढं जाड लोखंड तुटतंच कसं? आणि दरवेळी चावीच का? दांडा का नाही, पुली का नाही?

बायको म्हणाली, “अहो, राजन्ना मिस्त्रीला विचारा ना. वीस वर्षं तोच बसवतोय.”

“मिस्त्रीला विचारू? मी? अगं, ‘चावी’ हे अख्खं प्रकरण मी पोरांना शिकवतो!”

कूलरखालचं पुस्तक काढलं. (कूलर त्या दिवसापासून नमस्कार करून उभा आहे.) चार दिवस आकडेमोड केली, सात कागद भरले आणि लातूरच्या एका वर्कशॉपमधून कडक पोलादाची चावी करून आणली. अशी चावी, की हत्ती टांगला असता तर हत्ती थकला असता, चावी नाही!

चावी, पुस्तक आणि बायको घेऊन धर्माबादला गेलो. राजन्नानं चावीवर कानस मारून पाहिली. कानस घसरली.

“अय्यो! हिला तर कानस बी लागंना. सर, चावी कच्चीच पायजे, मऊ लोखंडाची.”

“का?”

“का ते ठावं न्हाई. माझ्या बापानं कच्ची घातली, म्या बी कच्चीच घालतो.”

“राजन्ना, याला अंधश्रद्धा म्हणतात!”

“हाव सर,” तो म्हणाला, आणि निमूटपणे चावी ठोकून दिली. तुटलेल्या जुन्या चावीचा तुकडा मी विजयाची खूण म्हणून शर्टाच्या खिशात टाकला. वर्गात दाखवायचा होता.

बटण दाबलं. चक्की अशी सुरू झाली, की मला स्वतःचाच आदर वाटू लागला. डबे घेऊन सात-आठ बायका रांगेत. सासूबाई सगळ्यांना सांगतायत, “आमच्या जावयानं बसवली. पुस्तकातली हाय!”

आता पुस्तकातल्या चावीवर आत मिरच्या कशा दळल्या जातायत, हे बघायला नको? मी मिरच्या टाकायच्या तोंडावर वाकलो.

“जावईबापू, वाकू नका!”

“आई, मी फक्त बघतोय...”

टण्ण!

खिशातली जुनी चावी आत गेली होती.

अशा वेळी कच्ची चावी काय करते? तुटते. पुली मोकळी फिरते, माणूस बटण बंद करतो, पाच मिनिटांत नवी चावी बसते. माझी चावी तुटली नाही. तिला तुटणं माहीतच नव्हतं! पट्टा किंचाळला, दांडा उसासारखा वाकला, झाकण उडून पत्र्यावर गेलं, आणि तिखट भरलेली कापडी पिशवी फाटून गल्लीवर लाल ढग उभा राहिला.

पहिली शिंक राजन्नाची. मग रांगेची. मग गल्लीची. तिसऱ्या घरात मुलगी बघायला पाहुणे आले होते. मुलगी बाहेर यायच्या आधीच दोन्हीकडची मंडळी हमसून हमसून रडत एकमेकांना नाक पुसायला रुमाल देऊ लागली. (लग्न जमलं. इतकी मायाळू माणसं पुन्हा मिळायची नाहीत, असं दोन्हीकडचं मत पडलं.)

डोळे उघडले तेव्हा रांगेतल्या बायका डबे उचलत होत्या. सासूबाईंचा चेहरा बघून माझी शिंक आतल्या आत विरली. वर्षाची कमाई पलीकडच्या गल्लीत निघाली होती.

“थांबा गं बायांनो!” सासूबाई गरजल्या. “कुणाचंच तिखट अडनार न्हाई. जावईबापू, माळ्यावरचं उखळ काढा!”

दांडा नीट व्हायला नांदेडला गेला. दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी मुसळ घेऊन बसलो. पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही डबे घेऊन आल्या. तिखटासाठी नव्हे, इंजिनिअर कांडताना बघायला! सासूबाईंचं एकही गिऱ्हाईक गेलं नाही, उलट चार वाढली.

दांडा घेऊन आलेल्या राजन्नानं कच्ची चावी बसवली आणि अगदी साधेपणानं विचारलं, “सर, येवढ्या मोठ्या पुस्तकात हे नसतंय का हो?”

“नसणारच! असतं तर मी वाचलं नसतं का?” मी पुस्तक बायकोच्या हातात आपटलं.

तिनं पान काढलं आणि मराठी करून वाचलं. चावी बाकीच्या भागांपेक्षा मुद्दाम कमजोर ठेवावी, म्हणजे अडचण आली की स्वस्तातली चावी तुटते आणि महागाचं मशीन वाचतं.

“आणि इथं कडेला लाल शाईनं काहीतरी लिहिलंय,” ती म्हणाली. “अक्षर तुमचंच आहे. ‘परीक्षेला येत नाही. सोडा.’”

सासूबाईंनी मुसळ पुन्हा माझ्याकडं सरकवलं.

मी मात्र धडा घेतला. त्या वर्षी पेपरात पहिलाच प्रश्न काढला, ‘चावी कमजोर का ठेवतात?’ साठ पोरांपैकी एकानंही तो सोडवला नाही! मी भडकून वर्गात जाब विचारला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीनं शांतपणे वही पुढं केली. त्या प्रकरणाच्या पानावर, मी गेल्या जूनमध्ये, चक्कीच्या आधी, सांगितलेलं जसंच्या तसं उतरवलेलं होतं. परीक्षेला येत नाही. सोडा.