परसरामभाऊंनी मोजलेला रस्ता

परसरामभाऊ गेल्याचं मला तीन दिवस उशिरा कळलं. फोनवर त्यांचं नाव दिसलं म्हणून मी सवयीनं म्हणाले, "बोला भाऊ." पलीकडून बाईचा आवाज आला. "मी सोनाबाई बोलून राहिले, ताई. त्यांची बायको. भाऊ गेले तुमचे... शनिवारी." फोन ठेवला तेव्हा माझ्या समोर दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका रस्त्याचा नकाशा उघडा होता. त्यातलं एकही गाव मी पाहिलेलं नव्हतं.

आमची ओळख रस्त्यावरच झाली. हिंगोली जिल्ह्यात जवळा बाजारवरून जाणारा रस्ता मालवाहतुकीसाठी सुधारायचा ठरला होता. तो कुठं रुंद करायचा, कुठं गावाबाहेरून वळवायचा, हे ठरवण्याआधी त्यावरून काय आणि किती जातं ते मोजावं लागतं. मी त्या कामाच्या सल्लागार कंपनीत नवी इंजिनिअर होते. सात दिवस फाट्यावर बसून एकेका वाहनाची नोंद करतील अशी स्थानिक माणसं हवी होती, त्यात जवळच्या तांड्यावरून परसराम चव्हाण आले. पन्नाशीचे, बारावीपर्यंत शिकलेले, थोडी कोरडवाहू जमीन कसणारे. तक्ता हातात घेतला आणि हसून म्हणाले, "आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून ह्याच वाटेनं जायचे. आता आमी बसून दुसऱ्याचा माल मोजतो." सहाचाकी, दहाचाकी, ट्रॅक्टर, जीप... प्रत्येकाच्या रकान्यात चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. त्यांच्या रेघा छापल्यासारख्या यायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, गणती आत्ता काहून करून राहिले? श्रावणात काय जातं ह्या रस्त्यानं? दिवाळीनंतर या. कापूस-सोयाबीन निघालं की गाड्यांची रांग मारुतीच्या देवळापर्यंत जाते. बायांना रस्ता ओलांडायची तकलीफ होते." मी सांगितलं की अहवाल दसऱ्याआधी द्यायचा आहे, आणि हंगामात वाहतूक जेवढी वाढते त्या मानानं आम्ही आजचा आकडा गुणून वाढवतो. त्यांनी ते नीट समजून घेतलं. "मग बराबर आहे," म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. इतक्या सहज त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला.

चौथ्या दिवशी गावातला एक दुकानदार येऊन त्यांच्याशेजारी बसला. "परसराम, चार रेघा जास्तीच्या मार की. गाड्या गावाबाहेरून जातील. कोण बघून राहिलं?" मी मागेच उभी होते. भाऊंनी मान वर केली नाही. "जे गेलंच न्हाई ते कसं लिहू? एक रेघ खोटी निघाली तर सगळा तक्ताच खोटा." त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. ऑफिसात मी तो किस्सा कौतुकानं सांगितलाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहायलाच हा लेख हाती घेतला. त्या रस्त्यावर कुठल्या महिन्यात किती वाहनं वाढतात याची नोंद आमच्याकडे नव्हतीच. मी एका लांबच्या हमरस्त्याच्या टोलनाक्याचा गुणक उचलला. तिथं बाराही महिने वाहतूक सारखीच, त्यामुळे गुणूनही आकडा होता तिथंच राहिला. तो चुकीचा आहे हे मला कळत होतं. देवळापर्यंतची रांग मी ऐकली होती. दिवाळीनंतर पुन्हा मोजू, असं मी साहेबांना एकदा म्हणाले. ते म्हणाले, "एका गावासाठी अख्खा अहवाल अडवायचा का?" मी अहवालावर सही केली. आकडा कमी पडला म्हणून गावाबाहेरचं वळण आराखड्यातून गळलं. गावातल्या रस्त्यावर मात्र पुढच्या वर्षी नवं डांबर पडलं. पूर्वी खड्ड्यांमुळे ट्रक हळू जायचे, ते आता सुसाट जाऊ लागले.

त्या हिवाळ्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भाऊंची भावजय यमुनाबाई रस्ता ओलांडताना कापसाच्या ट्रकखाली गेली.

लोकांना कुणावर तरी बोट ठेवायचं होतं. "ह्यानंच कमी मोजलं," असं बोललं जाऊ लागलं. यमुनाबाईंचा नवरा, त्यांचा सख्खा भाऊ, त्यांच्याशी बोलेनासा झाला. एका दुपारी मला फोन आला. "ताई, मी बराबर मोजलं होतं ना?"

"हो भाऊ. बरोबर मोजलं होतंत."

"मग चुकलं कुठं?"

"वरून मंजूर झालं नाही," मी म्हणाले. खरं सांगायची ती वेळ होती... मी ती घालवली.

मग त्यांनी स्वतःच वहीत तसेच रकाने आखले आणि ऐन हंगामात सात दिवस, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, एकटे फाट्यावर बसले. कुणी सांगितलं नव्हतं. ती वही घेऊन ते हिंगोलीला ऑफिसात आले. एका पानावरूनच फरक दिसत होता. मी वही वर पाठवली. उत्तर आलं: नोंदी अधिकृत नाहीत, काम पूर्ण झाले आहे, विषय बंद. ते सांगायला मी तांड्यावर गेले, तेव्हा गुणकाचंही सांगून टाकलं.

गुणक म्हणजे काय ते त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे रेघा माझ्या खऱ्या, अन् गुणाकार खोटा."

"हो."

"तुमी तवाच सांगायचं होतं, ताई."

आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. नंतर त्यांचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही. काविळीचं निमित्त झालं आणि दोन महिन्यांत माणूस संपला.

मागच्या आठवड्यात मी तांड्यावर गेले. जमलेल्यांसमोर म्हणाले की परसरामभाऊंनी कमी मोजलं नव्हतं, चूक माझी होती. त्यांच्या भावानं ऐकून घेतलं. "आता सांगून काय फायदा?" म्हणाला आणि उठून गेला. त्याचं बरोबरच होतं.

दुपारी सोनाबाईंजवळ ओसरीवर बसले. त्या तूर निवडत होत्या. आजारपणात भाऊंची बाज तिथंच होती. डोळे मिटून पडायचे, पण रस्त्यावरून ट्रक गेला की आवाजावरून भरलेला की रिकामा ते सांगायचे, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यात खालून एक ट्रक गेला. मान वर न करता त्या पुटपुटल्या, "भरलेली." सूप एकदा पाखडलं. दुसरा गेला. "ही बी भरलेलीच..." मी कान देऊन ऐकत होते. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.