माइकवर प्रॉपर भाषा

मी हॉलंडात लायडनला एमएस्सीला गेलो ते २०१५ साल. तिथं मराठी पोरांचं एक मंडळ होतं. बहुतेक पुण्याची, थोडी मुंबईची आणि करमाळ्याचा मी एकटा. पहिल्याच भेटीत मी आमच्या डच प्रोफेसरची नक्कल केली आणि सगळ्यांचा लाडका झालो.

"ए करमाळा, आता तुझे शाळेतले मास्तर कर ना!"

मास्तर केले की पोरं लोळायची. प्रोफेसर केला की ती प्रोफेसरला हसायची आणि मास्तर केले की मला, हे कळायला मला जरा वेळच लागला.

मंडळाच्या दिवाळीला हार्लेमपासून नोकरदार कुटुंबं यायची. त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मला हवं होतं. का हवं होतं? अहो, जत्रेत कुस्त्या पुकारलेला माणूस मी. माझ्या आवाजावर पैलवान लंगोट आवळायचे! आणि इथं माइक दिसतोय, पण हात लावायचा नाही.

मंडळाचा अध्यक्ष पुण्याचा, पीएचडी करणारा. त्याला विचारलं.

"दादा, या वेळी मी बोलू का?"

"ॲक्चुअली, तुझा आवाज खणखणीत आहे, वादच नाही. पण फॅमिलीज येतात रे. तुझी भाषा गोड आहे, पण माइकवर प्रॉपर लागते. तू असं कर, मध्ये पाच मिनिटं मास्तर कर."

म्हटलं, करतो.

कार्यक्रमात माझी पाळी आली. मास्तर ठेवले बाजूला आणि केला अध्यक्ष. मान तिरकी, डावा हात छातीवर, 'ॲक्चुअली'च्या आधी डोळे मिटायचे, 'आपण सर्व रसिक' म्हणताना ओठांचा चंबू. पहिल्या रांगेत अध्यक्ष स्वतः बसलेला. आता हॉल फुटणार म्हणून मी थांबलो.

कुणी हसेना. लोक माना डोलवत होते. मी चंबू मोठा केला, डोळे जास्त वेळ मिटले. शेवटी टाळ्या पडल्या, त्याही मनापासून.

हार्लेमच्या एक काकू चकलीची प्लेट घेऊन आल्या. "किती छान बोललास रे! असंच बोलत जा ना नेहमी."

अध्यक्षानं तर मिठीच मारली. "बघ, जमलं की नाही? प्रॅक्टिस लागते फक्त. पुढच्या दिवाळीला माइक तुझा!"

गड्यानं स्वतःला ओळखलंच नव्हतं. त्याला वाटलं, पोरगं सुधारलं.

पुढच्या दिवाळीला माइक खरंच मिळाला. पहिलं वाक्य माझ्या पद्धतीनं टाकलं, तर पहिल्या रांगेतल्या भुवया वर गेल्या. मग डोळे मिटले, म्हटलं "ॲक्चुअली", आणि भुवया जागेवर आल्या. सगळी संध्याकाळ त्याच्याच आवाजात काढली. व्हिडिओ आईला पाठवला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन.

"कार्यक्रम ब्येस झाला रं. पर त्वांड तुझं हलतंय, आन् बोलतंय कोन?"

"मीच की. नक्कल हाय ती, आई."

"मग कुनी हसलं कसं न्हाई?"