पाटलाची पंपाची बंदूक

हुमनाबादच्या बाजारात मी बंदुका दुरुस्त करायचो. निजामाचं राज्य अजून शाबूत होतं, आणि लायसनची बंदूक घरात असली म्हणजे माणूस मोठा, असा सगळ्यांचा समज होता. माझ्याकडं शेतकऱ्यांच्या बंदुका यायच्या, त्या काळ्या पडलेल्या, दस्त्याला तार गुंडाळलेली, पण दर हंगामाला रानडुकरांवर चालणाऱ्या. आणि मोठ्या लोकांच्या यायच्या, त्यांना तेल भरपूर आणि काम काही नाही. त्या उघडल्या की आत झुरळाची अंडी निघायची. दुरुस्ती कसली, मी नुसता झाडू मारायचो.

पुढं पंपाच्या बंदुका आल्या. सायकलच्या पंपासारखी नळीखाली एक लाकडी मूठ असायची. बार काढला की मूठ मागं ओढायची, रिकामं काडतूस बाहेर उडायचं. पुढं ढकलली की नवं काडतूस नळीत. पाच बार लागोपाठ. चांगल्या कारखान्याची असेल तर ही बंदूक म्हणजे खरोखर अक्कलेचं काम आहे, हे मी आजही म्हणेन. एका साहेबाची तसली एक बंदूक मी उघडून पाहिली होती आणि तिचा एकेक भाग परत बसवताना मला माझ्याच हातांची लाज वाटली होती. पण आमच्या भागात जी आली ती तिची नक्कल होती. कुठल्या देशात कुणी बनवली कोण जाणे, नळीवर छापलेलं नावसुद्धा वाकडं होतं.

ती घेऊन हैदराबादचा एक एजंट आला. राजेश्वर गावाच्या पुढं एका खेड्यातल्या पाटलानं त्याला बोलावलं होतं, आणि बंदूक पारखायला म्हणून मला. चावडीसमोर गाव जमलेलं. एजंटानं लाल मखमलीची पेटी उघडली आणि लोकांनी तोंडं उघडली. निकेलचा असा चकचकाट की उन्हात बघवत नव्हतं. पाटील माझ्याकडं वळून म्हणाले, "बगा मिस्त्री. असलं कधी हातात आलतं का तुमच्या?"

मी बंदूक घेतली. आधी मी नेहमी स्क्रूंच्या खाचा बघतो. नव्या म्हणवणाऱ्या बंदुकीच्या खाचा कुरतडलेल्या असल्या तर ती आधी कुणीतरी उघडलेली असते. या ठीक होत्या. मग नळी उजेडाकडं धरून आतून पाहिली, आत सावलीची कडी दिसतात, ती एकसारखी हवीत. तीही बरी होती. नळी काढून, टांगून नखानं टिचकी मारली, आवाज घंटेसारखा नसला तरी फुटका नव्हता. मग ती परत बसवून बंदूक कानाशी धरून हलवली, आणि आतलं सगळं पोतं भरून खिळे असावेत तसं वाजलं.

"ये क्या करते मिस्त्री?" एजंट हसत म्हणाला. "झुनझुना है क्या?"

"खुळखुळाच आहे," मी म्हणालो.

मूठ मागं घेऊन मी आत पाहिलं. रिकाम्या काडतुसाची कड पकडून ते नळीतून ओढून काढायला एक बारका काटा असतो, करंगळीच्या नखाएवढा. सगळी पंपाची बंदूक त्या नखाएवढ्या तुकड्यावर उभी असते. तो घडीव पोलादाचा हवा. मी खिशातली कानस काढली आणि काट्याच्या मागच्या अंगाला हलकेच टेकवली. पोलादावर कानस घसरते. इथं ती लोण्यात शिरावी तशी रुतली. ओतीव, मऊ धातू, वरून निकेलचा मुलामा.

एजंटानं माझा हात धरला. "अरे, नये माल को कानस लगाते क्या?"

मी पाटलाला म्हणालो, "तुमची काडतुसं आणा. घरातली. त्यावर बघू."

पाटलांची काडतुसं कागदी होती, पावसाळाभर कोनाड्यात पडलेली. कागदी काडतूस ओल पिऊन फुगतं आणि नळीत घट्ट बसतं, ते ओढून काढायला काटा दणकट लागतो. मला तेच बघायचं होतं. पण एजंटानं स्वतःची पिशवी उघडली. पितळी काडतुसं, कोरडी, पुसून ठेवलेली. त्यानं पाच भरली, माळाकडं तोंड केलं आणि पाच बार असे काढले की शेवटच्या बाराचा धूर विरायच्या आत लोकांनी टाळ्या पिटल्या. पाटील तर उठून उभे राहिले. लग्नात नवरी बघितल्यावरही माणूस एवढा खुळावत नाही.

"आता घरातली काडतुसं," मी पुन्हा म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या हो," पाटील म्हणाले. "तुमाला नवं कायबी बघवंना. तुमी ठासणीच्या बंदुका घासा."

सगळे हसले. एजंट सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या हसण्यात मी मनाशी ठरवलं की या माणसाला आपण काही सांगायचं नाही. आपटू दे.

लायसनच्या अर्जाला मिस्त्रीचा कागद जोडावा लागे, कचेरीतला कारकून त्याशिवाय अर्ज घ्यायचा नाही. पटवारी उर्दूत लिहायला बसला. बंदूक कशी आहे, काय लिहू, म्हणाला. मी सांगितलं, "लिहा, माझ्यासमोर पाच बार काढले, पाचही सुटले." त्यानं तेवढंच लिहिलं आणि मी खाली सही केली. माझ्या मते मी फार हुशारी केली होती. एक शब्द खोटा नव्हता. बंदूक चांगली आहे असं मी कुठंच म्हटलं नव्हतं. घरी येताना बैलगाडीत मी एकटाच हसत होतो.

त्याच गावात एक लिंगायत शेतकरी होते. घरात कानडी, बाहेर मराठी. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मीही. साठीचे असतील. त्यांची एकनळी बंदूक दरवर्षी माझ्याकडं यायची. दिसायला अशी की चोर रस्त्यात टाकून जाईल, पण घोडा पाडला आणि बार झाला नाही असं कधी झालं नव्हतं. अप्पा त्या दिवशी चावडीत मागं बसले होते. उठताना त्यांनी मला विचारलं, "कशी वाटली रं?"

"पाटलांना साजेशी," मी म्हणालो. अप्पा नुसते हं म्हणाले. ती चेष्टा त्यांना कळली असेल असं मी धरून चाललो.

महिन्या-दीड महिन्यानं ज्वारी कणसाला आली आणि अप्पांच्या शेतात डुकरं शिरली. अर्धं पीक आडवं. पाटलांना निमित्तच पाहिजे होतं. नव्या बंदुकीचा मुहूर्त अप्पांच्या रानात करायचा ठरला आणि मला निरोप आला. नसतो गेलो तरी चाललं असतं. मी गेलो, कारण मला बघायचं होतं. खरं कारण एवढंच.

सकाळी दव पडलेलं होतं. पाटील पागोटं बांधून, कोट घालून आले होते. डुक्कर मारायला कोट. कमरेच्या पट्ट्यात तीच कागदी, फुगलेली काडतुसं. शेताच्या एका कडेला ओढा होता, तिथं पाटील उभे राहिले. गावातली दहाबारा माणसं पलीकडून डबे वाजवत, ओरडत डुकरांना ओढ्याकडं हाकणार होती. शेत अप्पांचं, म्हणून पुढं तेच. जाताना त्यांनी आपली एकनळी माझ्या हातात दिली.

"हे धर. मी हाकायला जायलोय. भरल्याली हाय."

"तुम्ही कशाला जाता अप्पा? पोरं जातील की."

"माजं रान हाय. कुठं बसत्यात ते मलाच ठावं."

मी पाटलांच्या डाव्या अंगाला पंधरा-वीस पावलांवर बाभळीखाली उभा राहिलो. डबे वाजायला लागले. पहिल्यांदा दोन पिल्लं निघाली, मग एक मादी. पाटलांनी बार काढला, छर्रे मातीत गेले. आणि तिच्यामागून मोठा नर बाहेर आला, पाठीवरचे केस ताठ झालेले.

पाटलांनी मूठ मागं ओढली. तो आवाज मी बाभळीखालून ओळखला. काडतूस बाहेर पडल्याचा टण्ण आवाज आलाच नाही, काटा कडेवरून सुटल्याचा बारीक खटका तेवढा आला. रिकामं काडतूस नळीतच राहिलं. पाटलांनी मूठ पुढं रेटली, नवं काडतूस जाऊन जुन्याच्या बुडाला धडकलं आणि बंदूक मधल्यामध्ये घट्ट आवळली. ना मागं, ना पुढं. पाटील ती गुडघ्यावर आपटायला लागले.

आणि मला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या एका क्षणात मला इतकं समाधान झालं की मी नराकडं बघायचंच विसरलो, मी पाटलांच्या तोंडाकडं बघत होतो.

पाटलांच्या आपटण्याच्या आवाजानं नर बिचकला आणि वळला. वळून तो परत ज्वारीत शिरला, जिथून अप्पा येत होते. कणसं हलताना दिसली, मग अप्पांची किंकाळी आली. मी पळालो. ताटं बाजूला सारली तेव्हा अप्पा उताणे पडले होते आणि नर त्यांच्या मांडीवर डोकं खुपसून झटके देत होता. मी एकनळी त्याच्या खांद्यामागं जवळजवळ टेकवली आणि चाप ओढला. बार झाला. नर चार पावलं गेला आणि पडला.

अप्पांची मांडी गुडघ्याच्या वरपासून उघडी पडली होती. मी धोतर फाडून आवळलं. तोवर पाटील आले, हातात ती अडकलेली बंदूक तशीच. पहिलं वाक्य काय म्हणाले? "काडतुसं वली व्हती. बंदुकीचा दोष न्हाई."

मी त्यांच्याकडं पाहिलं. माणूस रक्तात पडलाय आणि हा आपल्या खेळण्याची वकिली करतोय. तोंडावर थुंकावं असं वाटलं. पण थुंकायचा हक्क मला होता का, हा प्रश्न त्याच वेळी मनात आला आणि मी मान खाली घालून गाठ पक्की केली.

गाडीत घालून अप्पांना हुमनाबादला सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी जखम शिवली, हाड शाबूत आहे म्हणाले, पण शीर तुटलेली, पाय पूर्वीसारखा व्हायचा नाही. चार-पाच दिवसांनी ताप उतरला तेव्हा मी जाऊन बसलो.

"तुला ठावं व्हतं न्हवं?" अप्पा म्हणाले. "बंदूक फुसकी हाय म्हणून."

"व्हय."

"मग कामून बोलला न्हाईस?"

"बोललो की अप्पा. काडतुसं आणा म्हणालो दोनदा. पाटलांनी हसण्यावारी नेलं."

"पाटलाचं सोड. मी इचारलतो तुला. तू काय म्हणलास?"

मग त्यांनीच आठवून सांगितलं, "पाटलाला साजेशी म्हणलास. मला वाटलं, भारी असंल. पाटलाकडं भारीच वस्तू असत्यात. त्या भरवशावर मी रानात शिरलो."

मी विनोद केला होता, आणि तो कुणालाच कळला नव्हता. माझ्याशिवाय.

अप्पा नंतर काठी घेऊन चालू लागले. माझ्याशी बोलणं त्यांनी सोडलं नाही, पण बंदूक पुन्हा माझ्याकडं दुरुस्तीला दिली नाही. उदगीरला पाठवायचे. इतक्या लांब. पाटलांनी तो झिजून वाकलेला काटा हैदराबादला पाठवून दिला, तिकडून तसाच नवा काटा आला, तितकाच मऊ. तो बसवून बंदूक दिवाणखान्यात टांगली आणि पाहुण्यांना पाच बारांची गोष्ट सांगत राहिले. डुक्कर त्यांनीच मारलं असंही काही पाहुण्यांनी ऐकलं.

पुढल्या वर्षी एजंट माझ्याच दुकानासमोर येऊन उभा राहिला. कोहिनूर गावाकडचा एक शेतकरी बंदूक घ्यायला आला होता, हातात तसलीच निकेलची वस्तू. शेतकऱ्यानं मला विचारलं, कशी आहे.

या वेळी मी दुकानाबाहेर आलो आणि बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं. काटा ओतीव आहे. कागदी काडतूस आत अडकणार. डुक्कर समोर असताना अडकणार. हिच्यापायी एका माणसाचा पाय गेलाय, नाव-गाव पाहिजे तर चल, दाखवतो. कानस लावून दाखवली. एजंट शिव्या द्यायला लागला, तुझं दुकान बंद पाडतो म्हणाला. मी त्याला म्हणालो, पाड.

शेतकऱ्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. बंदूक उन्हात फिरवून दोनदा बघितली, दस्त्यावरून हात फिरवला. मग मला म्हणाला, "तुमी म्हणता ते खरं असंल मिस्त्री. पन दिसायला कशी हाय बगा की."

आणि घेऊन गेला.