ड्रॉइंगमधून गाळलेलं मीठ

गेल्या मंगळवारी इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घरी एक पाकीट आलं. आत रविवारच्या कार्यक्रमाचं निमंत्रण होतं आणि एका पुस्तिकेचा कच्चा नमुना. मुखपृष्ठावर मी पंधरा-सोळा वर्षांपूर्वी काढलेलं ड्रॉइंग: कांदा साठवायची खोली, मधोमध भोकं पाडलेला पत्र्याचा ड्रम, वर पंखा. खाली छापलं होतं, ‘कल्पना आणि आराखडा’, आणि पुढे माझं नाव नि लहानसा फोटो.

तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही. नमुना कपाटात ठेवतो, पाणी प्यायला उठतो, आणि येताना पुन्हा कपाट उघडतो. फाटकापर्यंत जातो आणि कशाला आलो ते आठवत नाही म्हणून परत येतो. बायको दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, एवढं काय बघताय? फोटो बरोबर नाही आला का?”

फोटोचा प्रश्न नव्हता. आराखडा माझा आहे. कल्पना माझी नाही. हे कागदावर यायला एवढी वर्षं लागली, आणि आता आलंच आहे तर सगळं सांगतो.

मी एका तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवत असे. स्नेहलतागंजात एका बॅटरीच्या दुकानाच्या वर रिकामी खोली होती. रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाले की, तिथे दहा-बारा माणसं जमायची. एक कूलर बनवणारा, एक निवृत्त नर्स, शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक काका, मी. आपलं शहर पुढे कसं असावं, आसपासची गावं कशी टिकावीत, यावर बोलायचं. आणि नुसतं बोलायचं नाही, काहीतरी करून आणायचं. नर्सबाईंनी डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी औषधाची डबी केली होती, सकाळचा खण खरखरीत आणि रात्रीचा गुळगुळीत. ती मला अजून आवडते.

त्या खोलीचा एक नियम होता, दुकानमालकानं घातलेला. आपली कल्पना आपण सांगायची नाही, शेजारी बसलेल्यानं सांगायची. तो म्हणायचा, “भिया, आपली आयडिया म्हणजे आपलं पोर. आपल्याला त्याचा शेंबूड दिसत नाही. बाजूवाल्याला सांगू दे. त्याला सांगता आली, तर समजायचं, आयडिया पक्की.” त्यामुळे आधी शेजाऱ्याला खाली बसून सगळं समजावायचं, मग त्यानं उभं राहायचं. आणि उभं राहिल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: ज्याची कल्पना त्याच्याकडे हात करून म्हणायचं, ‘ही गोष्ट यांची.’

एका रविवारी माझ्या शेजारी हातोदहून आलेला एक माणूस बसला होता. तिथल्या मंडीत तो माल तोलायचा. तुलावटी म्हणतात त्यांना. दिवसभर दुसऱ्यांची पोती काट्यावर चढवता-उतरवता त्याच्या लक्षात आलं होतं की कांदा सडतो तो ढिगाच्या पोटातून. त्यानं घरी कांद्याच्या ढिगात मधोमध भोकांचा ड्रम उभा केला, वर पंखा बसवला, बाहेरची हवा आत ढकलली. पण खरी गोष्ट पंख्यात नव्हती. खिडकीत त्यानं खडेमिठाची एक पुरचुंडी टांगली होती. रोज तिला हात लावायचा. मीठ कोरडं असेल तर पंखा चालू. मीठ ओलसर लागलं तर पंखा बंद, मग बाहेर ऊन का असेना. ओली हवा ढिगात गेली की कांदा गेलाच.

मी उभा राहिलो. “ही गोष्ट यांची,” म्हटलं, हात केला, आणि सांगितली. चांगली सांगितली. शिकवणं हा माझा धंदाच होता. मीठसुद्धा सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुलावटी खाली मान घालून हसत होता.

त्याची बस होती म्हणून तो लवकर निघाला. मी जिना उतरत होतो तेव्हा एका वर्तमानपत्रासाठी लिहिणारा तरुण मागे आला. तो खोलीत उशिरा पोचला होता. पहिलं वाक्य त्यानं ऐकलंच नव्हतं. “सर, ये आइडिया आपको कैसे आया?”

मी म्हणालो, “बस, आ गया.”

तीन शब्द. गर्दी होती, पायरी अरुंद होती, त्याचा कॅमेरा माझ्याकडे वळलेला होता. ही सगळी कारणं मी स्वतःला खूप वर्षं दिली. आमचे पणजोबा होळकरांच्या पागेवर अंमलदार होते. घरात एक शिकवण चालत आलेली, कोणी मान दिला तर हात झटकू नये. तेही कारण मी वापरून पाहिलं. खरं एवढंच की विचारल्यावर मला फार बरं वाटलं.

बातमी आली. बायकोनं कात्रण काचेत बसवून घेतलं. मग लोक ड्रॉइंग मागू लागले. मी टेबलावर टी-स्क्वेअर ठेवून बसलो. ड्रम काढला, पंखा काढला, मापं टाकली. पुरचुंडीपाशी पेन्सिल थांबली. वर्कशॉप शिकवणाऱ्याच्या ड्रॉइंगमध्ये फडक्यात बांधलेलं मीठ? सहकारी हसले असते. मी तिथे टायमर दाखवला: सकाळी इतके तास, संध्याकाळी इतके तास, आपोआप. सुधारणा केली असं मी म्हणत राहिलो. पण मीठ होतं तोवर ती खोली बघणाऱ्याला तुलावटीची वाटली असती. टायमर लागला आणि ती माझी झाली.

ड्रॉइंगच्या झेरॉक्स निघाल्या. हातोदच्या बाजूला बऱ्याच जणांनी तशा खोल्या बांधल्या. पावसाळ्यात टायमर आपल्या वेळेला पंखा लावत राहिला आणि बाहेरची दमट हवा ढिगात भरत राहिला. त्या भाद्रपदात तुलावटी पुन्हा बैठकीच्या खोलीवर आला.  निघताना जिन्यात माझ्याजवळ थांबला.

“साब, नमक क्यूं निकाल्यो?”

“पुढच्या ड्रॉइंगमध्ये घालतो,” मी म्हणालो. त्यानं मान हलवली. पुढचं ड्रॉइंग मी काढलं नाही आणि तो पुन्हा आला नाही. काही वर्षांनी दुकानमालक गेला, खोलीला कुलूप लागलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

आता ती खोली पुन्हा उघडली आहे. कोल्हापूरहून नोकरीसाठी आलेली एक मुलगी तिथेच जवळ भाड्यानं राहते. बॅटरीच्या दुकानात तिला जुनी फाइल सापडली आणि तिनं रविवारच्या बैठका परत सुरू केल्या. पुस्तिका तीच काढते आहे. त्यातलं ड्रॉइंग घेऊन दोन गावांत नव्या खोल्या बांधायचं तिच्या गटानं ठरवलं आहे, पावसाळ्याच्या आधी. हे निमंत्रणाच्या शेवटच्या ओळीत होतं. त्या ओळीनं मला फाटकापर्यंत पळवलं.

शुक्रवारी तिला फोन केला आणि सांगून टाकलं.

“थांबा काका,” ती म्हणाली. “म्हणजे मीठ हाच सेन्सर होता. फुकटचा. आणि तो तुम्ही काढलात?”

“हो.”

तिनं पलीकडे कागद चाळले. मग म्हणाली, “छपाई मी थांबवते. बांधकामही. पण रविवारी?”

मी म्हणालो, “खोलीचा नियम आहे ना, ज्याचं त्यानं सांगायचं नाही. हे माझ्या वतीनं तू सांग.”

“काका, नियम आयडियेसाठी आहे,” ती म्हणाली. “ही काय आयडिया आहे का? आणि रविवारचं रविवारी बघू. आधी हातोदला जा.”

बायको शेजारीच उभी होती. मी फोन ठेवल्यावर तिनं भिंतीवरचं कात्रण उतरवलं. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “मला कधी खरं वाटलंच नव्हतं. तुम्हाला कांदा चिरता येत नाही, साठवता कुठून येणार?” आणि आत गेली. 

शनिवारी सकाळी हातोदला गेलो. तुलावटी अंगणात लसूण निवडत होता. माझ्यासारखाच म्हातारा झाला आहे. ओळखलं, पण उठला नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. जिन्यातले तीन शब्द, टायमर, पुस्तिका. मनात मी त्याचं उत्तरही तयार ठेवलं होतं: जाने दो साब, पुरानी बात है. तो तसं म्हणाला नाही.

म्हणाला, “म्हारी बेटी तीन दिवाली से नी आई.”

मग त्यानं सांगितलं. मुलीच्या सासऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी कांद्याची खोली बांधायला काढली. तुलावटी कौतुकानं म्हणाला, ही तर माझी कल्पना, खिडकीत मीठ टांगा. व्याह्यांनी ड्रॉइंगची झेरॉक्स पुढे केली. त्यावर नाव दुसऱ्याचं, आणि मीठ कुठेच नाही. व्याह्याला तिकडे ब्याईजी म्हणतात; चार माणसांत ते म्हणाले, ब्याईजी, इंजिनियरच्या नकाशावर आपलं नाव सांगता? खोली नकाशाप्रमाणे बांधली. पावसात अर्धा माल सडला. मग लोकांनी उलटंच धरलं: म्हणत होता ना माझी कल्पना, घ्या, ही त्याची कल्पना.

“झूठा भी मैं, और सड़ाने वाला भी मैं,” तो म्हणाला. हातातला लसूण त्यानं टोपलीत टाकला नाही, फेकला. बोलाचाली झाली. त्यांनी सुनेला माहेरी पाठवणं बंद केलं.

मी म्हणालो, उद्या इंदूरला सगळ्यांसमोर माइकवर सांगतो.

“माइक वठे नी है,” मुलीच्या सासरच्या दिशेला हात करत तो उठला. “चलो.”

“आत्ता?”

“अब नी तो कब? और सोलह साल बाद?”

व्याह्यांचं गाव पुढे अर्ध्या तासावर. बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.   मला उतरून परत जावं असं वाटत होतं. मधल्या थांब्यावर एक पाय खाली ठेवलाही होता, उतरणाऱ्यांना वाट देण्याच्या निमित्तानं.

व्याही खाटेवर बसले होते. त्यांनी तुलावटीला राम-राम केला नाही. दारात त्याची मुलगी उभी होती, डोक्यावर पदर. बापाला बघून एक पाऊल पुढे आली आणि थांबली. मी माझी ओळख सांगितली. व्याही आत गेले आणि ते ड्रॉइंग घेऊन आले. त्यांनी ते लॅमिनेट करून ठेवलं होतं. माझी सही चकाकत होती.

मी उभा राहून सांगितलं. इकडचं-तिकडचं काही जोडलं नाही. 

व्याही ऐकून घेत होते. मग म्हणाले, “मास्टरजी, फेल आप हुए, और मार्कशीट इनको मिली?”

“हां,” मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. एवढं चिडून कोणी माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि ते योग्यच होतं. मग त्यांनी ड्रॉइंग खाटेवर टाकलं आणि प्रथमच तुलावटीकडे वळले. “तो बताओ, ब्याईजी. असल में क्या था?”

तुलावटीनं मान हलवली. “मैं नी बताऊं. वहां का कायदा है, अपनी बात खुद नहीं बताते. ये बताएंगे.”

हे तो मला शिक्षा म्हणून म्हणाला की खोलीचा नियम खरंच पाळत होता, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मी त्याच्याकडे हात केला. “ये बात इनकी है,” म्हटलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली: काटा, पोती, ढिगाचं पोट, ड्रम, पंखा, मीठ. खिशातली पेन्सिल काढून लॅमिनेशनवर टायमर खोडायला गेलो. पेन्सिल त्यावर उमटेना.

व्याह्यांनी मध्येच विचारलं, “एक बार गीला हुआ नमक फेंक दें, के सुखाकर फिर चलेगा?”

मी थांबलो. मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी खिडकीत मीठ टांगून पाहिलं नव्हतं.

“वही चलेगो,” तुलावटी म्हणाला. “धूप में सुखा लो, ब्याईजी. बस, बहकर आधा रह जाए तो बदल दो.”

“और कपड़ा? मोटा के पतला?”

“पतला. पुरानी धोती को.”

व्याही उठले आणि कांद्याच्या खोलीकडे निघाले. तुलावटी त्यांच्या मागून गेला. मुलगी आत गेली आणि खडेमिठाचा डबा कडेवर घेऊन अंगणातून त्यांच्या मागे धावली. पदर खांद्यावर आला होता, तिनं तो सावरला नाही. खिडकी कुठली, दोरी किती लांब, यावर तिघांचं आतून बोलणं ऐकू येऊ लागलं, आणि मध्येच व्याह्यांचा आवाज चढला, “इतना नीचे नहीं, बकरी चाट जाएगी!”

मी खाटेच्या कडेला बसून राहिलो. मला कोणी बोलावलं नाही. उद्या रविवार आहे. हेच त्या खोलीत पुन्हा सांगायचं आहे, आणि या वेळी शेजारी कोणी नाही.